नाव तरते ती राखणीवर

१९८२ च्या आशियाई क्रीडा स्पर्धा दिल्लीच्या म्हणून ओळखल्या जातात. त्या वर्षी रोइंगचा, म्हणजे वल्ह्यांच्या नौकाशर्यतींचा, या स्पर्धांमध्ये प्रथमच समावेश झाला आणि त्या शर्यती मात्र राजस्थानात झाल्या. जयपूरच्या ईशान्येला तीसेक किलोमीटरवर, बाणगंगा नदी अडवून तयार केलेल्या रामगढ तलावात आशियातल्या देशांच्या नौका उतरल्या होत्या. अशा शर्यतीसाठी दोन हजार मीटर सरळ मार्ग लागतो आणि त्या सगळ्या मार्गावर पाणी शांत व पुरेसं खोल असावं लागतं. उथळ पाण्यात नावेला होणारा विरोध वाढतो. एका नावेखाली खोल आणि शेजारच्या नावेखाली उथळ पाणी असेल, तर शर्यत बरोबरीची राहत नाही. या कसोटीला रामगढ त्या वर्षी उतरला. त्यानंतर जेमतेम पंचवीस वर्षांत तो कोरडा पडला. आज त्याच्या पात्रात गुरं चरतात आणि बाभळी वाढल्या आहेत. ज्या पाण्यावर आंतरराष्ट्रीय शर्यती झाल्या ते एका पिढीत कुठे गेलं, याचं प्रचलित उत्तर ‘पाऊस कमी झाला’ असं आहे. ते अपुरं आहे. तलाव, कालवा किंवा नदी यांचं आयुष्य त्यांच्या बांधकामापेक्षा त्यांच्या राखणीवर अधिक अवलंबून असतं आणि ही राखण मुख्यतः पाण्याच्या बाहेर, पाणी येतं त्या वाटेवर करावी लागते. जयपूरच्या तीन पाण्यांचा इतिहास हेच सांगतो.

आधी नावेबद्दल. पाण्याच्या तब्येतीचं मोजमाप म्हणून नाव घ्यावी, याला कारण आहे. पिण्याच्या पाण्यासाठी तलावातला एक खोल डोह पुरतो. त्यात पंप सोडला की नळाला पाणी येतं आणि बाकी तलाव गाळाने भरला तरी शहराला पत्ता लागत नाही. शेतीला आवर्तनापुरतं पाणी मिळालं की काम भागतं. मधले दोन महिने कालवा कोरडा राहिला तरी चालतो. नावेला मात्र सगळीकडे आणि सलग पाणी लागतं. वाटेत एका ठिकाणी गाळाचा उंचवटा आला, जलपर्णी माजली, काठ खचला किंवा गळतीने पातळी हातभर उतरली, की नाव अडते. त्यामुळे पाण्यावर वावरणाऱ्या माणसाला बिघाड सर्वांत आधी कळतो. धरणाच्या नोंदवहीत साठ्याचा आकडा ठीक दिसत असतो, तेव्हाही नावाड्याच्या वल्ह्याला चिखल लागलेला असतो. पर्यटकांसाठी नाव असावी की नसावी हा इथे वेगळा प्रश्न आहे. ज्या पाण्यावर बारा महिने नाव फिरू शकते, त्या पाण्याची कोणीतरी नीट काळजी घेत असतं, एवढं त्यावरून नक्की समजतं.

रामगढ धरणाची पायाभरणी १८९७ मध्ये महाराजा सवाई माधोसिंह दुसरे यांच्या काळात झाली आणि १९०३ मध्ये धरण पूर्ण झालं. १९३१ पासून त्याचं पाणी जयपूरला पुरवलं जाऊ लागलं आणि पुढची सुमारे सत्तर वर्षं हा तलाव शहराच्या पिण्याच्या पाण्याचा मोठा आधार होता. भरला की त्याचं पाणी सुमारे साडेपंधरा चौरस किलोमीटर पसरत असे. एवढं पाणी त्या खोऱ्यात थेट आभाळातून पडत नव्हतं. ते शेकडो चौरस किलोमीटरच्या पाणलोटातून येत होतं. डोंगरउतारावर पडलेला पाऊस घळीत उतरायचा, घळीतून ओढ्यात, ओढ्यातून उपनद्यांत, तिथून बाणगंगेत आणि शेवटी तलावात पोचायचा. अर्धशुष्क प्रदेशात या प्रवासाचं महत्त्व आणखी वाढतं. जयपूरला वर्षाला सरासरी सहाशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तोही मोजक्या दिवसांत, मोठ्या सरींनी. पहिलं बरंच पाणी तापलेली जमीनच पिते. उरलेलं वेगाने वाहून तलावात पोचलं तरच साठा होतो. वाटेत ते रेंगाळलं, पसरलं, अडलं की तिथेच जिरतं किंवा वाफ होऊन जातं. म्हणजे अशा प्रदेशात ओढ्याची मोकळी वाट हा धरणाचाच भाग असतो. ती वाट बुजली तर भिंत शाबूत असूनही धरण निकामी होतं. रामगढमध्ये नेमकं हेच झालं.

पावसाचा आक्षेप इथे नीट तपासायला हवा. राजस्थानात दुष्काळ नवे नाहीत आणि पाऊस वर्षावर्षाला फार बदलतो, हे खरंच आहे. पण रामगढ बांधलं गेलं तेव्हाही प्रदेश हाच होता आणि पाऊस असाच लहरी होता. तरीही धरणाने सात दशकं शहर पोसलं. शिवाय मोठा पाऊस आला, तेव्हा काय झालं हेही पाहावं. २०२४ च्या ऑगस्टमध्ये जयपूरमध्ये एवढा पाऊस झाला की शहरातले रस्ते पाण्याखाली गेले आणि तळघरांत पाणी शिरलं. त्या वर्षी आणि पुन्हा २०२५ मध्ये टोंक जिल्ह्यातलं बिसलपूर धरण भरून त्याचे दरवाजे उघडावे लागले. बिसलपूर बनास नदीवर आहे, त्याचं पाणलोट मेवाडच्या बाजूचं आणि कितीतरी मोठं आहे. म्हणून त्याची रामगढशी सरळ तुलना करता येत नाही. तरीही मुसळधार पावसाळ्यांतही रामगढचा तलाव पूर्वीसारखा भरला नाही, ही गोष्ट नुसत्या पावसाच्या आकड्यांनी समजत नाही. पाऊस पडला, पण पाणी तलावापर्यंत पोचलं नाही. कारण वाटेत ठिकठिकाणी एनिकट, म्हणजे छोटे पक्के बंधारे, उभे राहिले. ओढ्यांच्या पात्रात शेतं आली, कुंपणं पडली, फार्महाऊस उभी राहिली, रस्त्यांचे भराव झाले. यातलं एकेक अतिक्रमण क्षुल्लक वाटतं. शेकडो मिळून त्यांनी नदी संपवली.

हे न्यायालयासमोरही आलं. २००४ मध्ये अब्दुल रहमान विरुद्ध राजस्थान राज्य या खटल्यात राजस्थान उच्च न्यायालयाने राज्यातली तळी, नद्या-नाले आणि त्यांची पाणलोट क्षेत्रं १५ ऑगस्ट १९४७ रोजी ज्या स्थितीत होती त्या स्थितीत आणावीत, असा आदेश दिला. २०११ मध्ये त्याच न्यायालयाने रामगढच्या पाणलोटातल्या अतिक्रमणांची स्वतःहून दखल घेतली आणि पाण्याच्या वाटेवरच्या जमिनींच्या वाटपांचा प्रश्न ऐरणीवर आला. तलाव मेला होता तो या वाटपांमुळेही. धरणाची भिंत पाटबंधारे खात्याची, ओढ्याच्या पात्राची नोंद महसूल खात्याकडे, काठची गावठाणं पंचायतीकडे, शहरालगतची जमीन विकास प्राधिकरणाकडे. प्रत्येकाने आपापल्या दप्तरात बरोबर वाटेल असाच निर्णय घेतला आणि सगळ्या निर्णयांचा परिणाम तलावावर झाला. डोंगरापासून भिंतीपर्यंतची संपूर्ण वाट एकाच नजरेखाली कोणाच्याही नव्हती. ऑगस्ट २०२५ मध्ये याच रामगढवर ड्रोनच्या मदतीने कृत्रिम पाऊस पाडण्याचा प्रयोग झाला. प्रयोग करायला हरकत नाही. विज्ञान तसंच पुढे जातं. पण पडलेलं पाणी जिथे तलावापर्यंत पोचत नाही, तिथे आणखी पाणी पाडून प्रश्न सुटत नाही. दूरच्या नद्यांचं पाणी आणून रामगढ भरण्याच्या योजनांनाही हेच लागू पडतं. बाहेरून पाणी आणलं तरी तलावाचा तळ, काठ आणि त्याच्या स्वतःच्या ओढ्यांची राखण करावीच लागेल.

यावर एक न्याय्य आक्षेप येतो. वरच्या गावांनी पाणी अडवलं तर त्यांचं काय चुकलं? पाऊस त्यांच्याही शिवारात पडतो, विहिरी त्यांनाही भरायच्या असतात. शेजारच्या अलवर जिल्ह्यात जोहड, म्हणजे पावसाचं पाणी अडवणारे मातीचे बांध, बांधून गावांनी विहिरी जिवंत केल्या आणि त्या कामाचं देशभर कौतुक झालं. मग तेच काम रामगढच्या वर झालं तर ते अतिक्रमण कसं? या आक्षेपात तथ्य आहे आणि म्हणूनच सगळे बंधारे सरसकट फोडा, असं म्हणणं चूक ठरेल. वाईट गोष्ट वेगळी आहे. पाण्याचा हिशेब न करता, खालच्यांना न विचारता, कोणी किती अडवायचं हे न ठरवता बंधारे होत गेले. महाराष्ट्राला हा वाद परका नाही. नाशिक-अहिल्यानगरच्या वरच्या धरणांमधून जायकवाडीला किती पाणी सोडायचं, यावर वर्षानुवर्षं भांडण चालू आहे. पण तिथे निदान २००५ चा कायदा आहे, जलसंपत्ती नियमन प्राधिकरण आहे आणि २०१४ मध्ये त्या प्राधिकरणाने खोऱ्याच्या समन्यायी वाटपाचा आदेश दिला. वाद मिटला असं कोणी म्हणणार नाही. तरी वरच्याने किती घ्यायचं आणि खालच्याला किती द्यायचं हे आकड्यांत मांडलं गेलं. रामगढच्या खोऱ्यात हा हिशेबच मांडला गेला नाही. पाणलोटाची राखण म्हणजे वरच्या शेतकऱ्याला पाण्याविना ठेवणं नव्हे. त्याचा वाटा ठरवून उरलेल्या पाण्याची वाट मोकळी ठेवणं, हा तिचा अर्थ आहे.

राखण हेच मुख्य काम मानलं तर पाणी कसं टिकतं, याचं सर्वांत सविस्तर उदाहरण इंग्लंड आणि वेल्समधल्या कालव्यांचं आहे. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात कोळसा, चुना आणि चिनीमातीची भांडी वाहण्यासाठी खोदलेल्या या कालव्यांवर आज सुमारे सात फूट रुंदीच्या अरुंद नावा फिरतात आणि हजारो कुटुंबं त्यांत कायमची राहतात. २०१२ पासून सुमारे ३,२०० किलोमीटरच्या या जाळ्याची जबाबदारी एका विश्वस्त संस्थेकडे, कॅनाल अँड रिव्हर ट्रस्टकडे, आहे. उंच-सखल भागातून कालवा न्यायचा तर मध्ये पायऱ्या लागतात. पायरी म्हणजे लॉक, दोन्ही टोकांना दरवाजे असलेला पाण्याचा हौद. नाव आत आली की मागचे दरवाजे बंद करायचे, झडपा उघडून हौद भरायचा किंवा रिकामा करायचा आणि पाणी पुढच्या पातळीला आलं की पुढचे दरवाजे उघडायचे. अशा एका अरुंद हौदातून नाव गेली की साधारण लाखभर लिटर पाणी उताराकडे निघून जातं. म्हणून कालव्याच्या सर्वांत उंच टप्प्याला सतत पाणी पुरवणारे तलाव डोंगरात बांधावे लागले आणि कालवा टिकवायचा तर आधी ते तलाव टिकवावे लागतात. दरवाजे ओकच्या लाकडाचे असतात. ते साधारण पंचवीस वर्षं टिकतात, म्हणून एका बाजूला कार्यशाळेत नवे दरवाजे घडत असतात आणि दर हिवाळ्यात ठरलेले लॉक रिकामे करून जुने दरवाजे उतरवले जातात. गाळ काढणं, मातीच्या अस्तरातली गळती बुजवणं, काठावरची झाडं छाटणं ही कामंही वर्षभर चालूच असतात.

तिथेही राखण चुकली की शिक्षा होते. १८१० मध्ये पूर्ण झालेला केनेट अँड एव्हन हा कालवा दुर्लक्षामुळे विसाव्या शतकाच्या मध्यावर ठिकठिकाणी बंद पडला. डेव्हायझेस गावाजवळची त्याची २९ लॉकची पायरीरांग झाडाझुडपांत हरवली. स्वयंसेवकांनी अनेक वर्षं खपून ती मोकळी केली आणि १९९० मध्ये कालवा पुन्हा सुरू झाला. दुसरा धडा अधिक कडक होता. ऑगस्ट २०१९ मध्ये मुसळधार पावसात टॉडब्रुक या जुन्या तलावाच्या सांडव्याचं काँक्रीट उखडलं आणि खालच्या व्हेली ब्रिज गावातल्या सुमारे दीड हजार लोकांना घरं सोडावी लागली. हा तलाव पीक फॉरेस्ट कालव्याला पाणी पुरवण्यासाठीच बांधलेला होता. चौकशीत सांडव्याची सदोष रचना आणि देखभालीतल्या उणिवा पुढे आल्या. संपन्न देशातही सांडव्याच्या सांध्यात उगवलेल्या झाडाकडे कानाडोळा करता येत नाही, एवढं यावरून कळतं.

परक्या देशाचं उदाहरण इथे लागू होत नाही, असं कोणी म्हणेल; तर राजस्थानातलंच एक घेऊ. १९५८ मध्ये ज्याचं काम सुरू झालं तो इंदिरा गांधी कालवा सुमारे साडेसहाशे किलोमीटर लांब आहे आणि त्याचा मोठा भाग थरच्या वाळवंटातून जातो. वाळू उडून पात्रात भरू नये म्हणून त्याच्या काठांनी झाडांच्या पट्ट्या लावल्या आहेत. उन्हाळ्याच्या तोंडाशी तिथे ‘नहरबंदी’ होते. पाणी थांबवून अस्तर दुरुस्त केलं जातं, गाळ काढला जातो आणि त्या आठवड्यांसाठी पश्चिम राजस्थानातली शहरं आधीच पाणी साठवून ठेवतात. नहरबंदीत लोकांची गैरसोय होते, तक्रारी होतात, तरी ती होते; कारण ती दिनदर्शिकेत पक्की आहे. कोकणात पावसाळ्यापूर्वी घर शाकारलं जातं तशीच ही वार्षिक तजवीज आहे. ती वगळली तर काय होतं, हे पुण्याने २७ सप्टेंबर २०१८ रोजी पाहिलं. दांडेकर पुलाजवळ मुठा उजवा कालवा फुटला, भर वस्तीत लोंढा शिरला आणि शेकडो कुटुंबांचा संसार वाहून गेला. एकोणिसाव्या शतकातल्या त्या कालव्याच्या काठाला घुशी-उंदरांनी पाडलेली बिळं हे एक कारण म्हणून तेव्हा सांगितलं गेलं. बिळं एका रात्रीत पडत नाहीत. काठावरून रोज चालणारा माणूस असेल तर ती वेळीच दिसतात. धुळे-नाशिक भागातल्या पांझरा, मोसम यांसारख्या नद्यांवरच्या फड या सामुदायिक सिंचन पद्धतीने हेच शतकानुशतकं ओळखलं होतं. तिथे बंधारा आणि पाट गावाचे असत, पाटकरी पाणी द्यायचा, जागल्या पिकाची राखण करायचा आणि हंगामापूर्वी पाट साफ करायला लाभधारक स्वतः येत. ही व्यवस्था टिकली ती कामाला माणूस, वेळ आणि हिस्सा ठरलेला होता म्हणून.

आता पुन्हा जयपूरला येऊ. शहराच्या उत्तरेला आमेरच्या वाटेवर मानसागर आहे आणि त्याच्या मधोमध जलमहाल उभा आहे. पाणी भरलं की या वास्तूचे खालचे मजले बुडतात आणि वरचाच भाग दिसतो. सोळाव्या शतकाच्या अखेरच्या दुष्काळानंतर इथे बांध घालून तलाव केला गेला, असं इतिहास सांगतो. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शहराचं सांडपाणी ब्रह्मपुरी आणि नागतलाई नाल्यांतून थेट यात येऊ लागलं. तलाव गाळाने उथळ झाला आणि दुर्गंधीने लोक त्याच्यापासून दूर जाऊ लागले. २००२ मध्ये राष्ट्रीय सरोवर संवर्धन योजनेतून सुमारे २५ कोटी रुपयांच्या कामाला मंजुरी मिळाली. त्यात भिंत बांधणं हे मुख्य काम नव्हतं. नाले वळवले गेले, प्रक्रिया केंद्रातून शुद्ध केलेलं पाणी पुढे पाणवनस्पतींच्या कृत्रिम पाणथळीतून गाळून तलावात सोडण्याची सोय झाली, लाखो घनमीटर गाळ काढला गेला आणि पक्ष्यांच्या घरट्यांसाठी बेटं केली गेली. पाणी परतलं, पक्षी परतले, वृंदावनच्या कारागिरांनी घडवलेल्या राजपूत शैलीतल्या नावाही तिथे आल्या. जे रामगढला जमलं नाही ते इथे जमलं, कारण इथे उपचार पाण्याच्या वाटेवर झाला. पण मानसागरही निर्धास्त नाही. शुद्ध केलेल्या सांडपाण्यात नत्र आणि स्फुरद थोडं तरी उरतं. त्यावर शेवाळ पोसतं, ते कुजताना पाण्यातला प्राणवायू खातं आणि मासे मरतात. प्रक्रिया केंद्र रोज नीट चाललं तरच तलाव जगतो. एकदा केलेलं संवर्धन पुरत नाही.

तिसरं पाणी द्रव्यवती नदीचं. नाहरगडच्या डोंगरांत उगम पावून ही नदी शहराच्या पश्चिमेने दक्षिणेकडे जाते. १७२७ मध्ये सवाई जयसिंहांनी जयपूर वसवलं, तेव्हा नहरांनी पाणी शहरात आणून चौपडींवरच्या, म्हणजे मोठ्या चौकांतल्या, कुंडांत सोडण्याची व्यवस्था केली गेली होती. मेट्रोच्या खोदकामात बडी चौपड आणि छोटी चौपड इथले जुने कुंड आणि पाण्याचे मार्ग पुन्हा उजेडात आले. एकोणिसाव्या शतकात याच द्रव्यवतीचं पाणी पंपाने उचलून शहराला नळाने दिलं जात होतं. मग तिचा अमानीशाह नाला झाला आणि सांडपाणी वाहू लागलं. १९८१ च्या जुलैतल्या अतिवृष्टीने तिचं पात्र खोल कापलं आणि शहराला हादरवलं. पुढे सुमारे ४७ किलोमीटर लांबीच्या नदीसाठी १,६७६ कोटी रुपयांचा प्रकल्प झाला; बांधीव काठ, बागा, चालण्याचे मार्ग आणि पाच सांडपाणी प्रक्रिया केंद्रं त्यात होती. ऑक्टोबर २०१८ मध्ये त्याचं लोकार्पण झालं. रचना आखताना प्रक्रियेची सोय केली गेली, ही जमेची बाजू. पण काँक्रीटचा तळ आणि भिंती असलेलं पात्र स्वतःला साफ करत नाही. त्यात साचलेला गाळ, प्लास्टिक आणि जलपर्णी माणसाने आणि यंत्रानेच काढावी लागते. नैसर्गिक नदीपेक्षा बांधीव नदीला राखण जास्त लागते आणि ती कमी पडली की पात्राचं पुन्हा गटार होतं. हे द्रव्यवतीच्या काही भागांत दिसू लागलं आहे. लोकार्पणाच्या दिवशी खर्च संपला असं जिथे मानलं जातं, तिथे हे टाळता येत नाही.

शेवटचा आक्षेप खर्चाचा आणि प्राधान्याचा. प्यायला पाणी नाही अशा प्रदेशात तलावाच्या सुंदरतेवर आणि नावांवर पैसा का घालवायचा? याचं उत्तर रामगढच्या बदल्यात जयपूरने काय पत्करलं, यात आहे. २००९ पासून शहराला बिसलपूरचं पाणी येतं. ते शंभराहून अधिक किलोमीटर अंतरावर आहे. बिसलपूरची पूर्ण जलपातळी समुद्रसपाटीपासून ३१५.५ मीटर, तर जयपूर शहर सुमारे ४३० मीटर उंचीवर आहे. म्हणजे तिथून येणारा प्रत्येक घोट आधी शंभरहून अधिक मीटर वर चढवावा लागतो आणि त्याची वीज कायम मोजावी लागते. शिवाय बिसलपूरवर अजमेर, टोंक आणि तिथली शेतीही अवलंबून आहे. घराजवळचा, साठ्याची जागा तयार असलेला तलाव गमावल्याची ही किंमत आहे. ओढे मोकळे ठेवण्यासाठी नेमलेल्या माणसांचा पगार त्यापुढे किरकोळ ठरेल. आणि नावांबद्दल बोलायचं तर यंत्राच्या नावांनी तेल सांडतं, लाटांनी काठ खचतात, पक्षी उठतात; तेव्हा मानसागरासारख्या पाण्यावर वल्ह्याच्या मोजक्या नावाच असाव्यात आणि घरट्यांच्या हंगामात त्याही बेटांपासून दूर ठेवाव्यात, हे मान्य करायलाच हवं. नाव इथे करमणुकीसाठी नसली तरी चालेल. गाळ मोजायला, जलपर्णी काढायला आणि काठ तपासायला तरी ती हवीच.

करायला हवं ते अवघड आहे, पण अस्पष्ट नाही. रामगढच्या प्रत्येक ओढ्याचं पात्र महसुली नकाशावर पक्कं कोरावं आणि त्यावरची बांधकामं, आजवर मिळालेल्या न्यायालयीन आदेशांप्रमाणे, हटवावीत. वरच्या गावांचा पाण्याचा वाटा त्यांच्याशी बसून ठरवावा, ज्या बंधाऱ्यांनी विहिरी भरतात ते ठेवावेत आणि बाकीच्यांना ठरावीक पातळीनंतर पाणी सोडणाऱ्या मोऱ्या द्याव्यात. डोंगरापासून भिंतीपर्यंतची जबाबदारी एकाच अधिकाऱ्याकडे असावी आणि नहरबंदीसारखा एक ठरलेला महिना रामगढ, मानसागर आणि द्रव्यवती यांच्या राखणीसाठी दरवर्षी राखून ठेवावा. प्रकल्प मंजूर करतानाच पुढच्या पंचवीस वर्षांच्या देखभालीचा निधी वेगळा काढून ठेवावा, म्हणजे दरवाजा कुजल्यावर नव्या योजनेची वाट पाहावी लागणार नाही. हे मागणं जयपूरपुरतं नाही. महाराष्ट्रातही तलाव सुशोभीकरणाच्या घोषणा दर निवडणुकीला होतात, गाळ काढण्याच्या मोहिमा दर उन्हाळ्यात होतात आणि कालव्यांचे काठ मात्र वर्षानुवर्षं कोणी चालून पाहत नाही. आपल्या गावात किंवा शहरात पाण्याच्या नव्या कामाचा नारळ फुटेल, तेव्हा लोकप्रतिनिधींना तीन प्रश्न विचारा: या पाण्याची वाट कोण राखणार, कोणत्या महिन्यात राखणार आणि त्याचा पैसा कोणत्या लेखाशीर्षातून येणार? या तिन्हींची लेखी उत्तरं मिळत नसतील, तर ते काम अपुरं आहे असं समजा आणि उत्तरं मिळेपर्यंत विचारत राहा.